लेकीची गावपळण

शाळा कशी निवडावी याबद्दल शहाणी माणसं पुष्कळ सांगतात. शिक्षक बघा, मैदान बघा, प्रयोगशाळा बघा, स्वच्छतागृहं तर आधी बघा. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या आबांनी, हे सगळं एका वाक्यात निकालात काढलं. "थंय मासे गावतत काय, ता पयला विचार."

लेक तेव्हा अकरा वर्षांची होती. आम्ही आचऱ्याचे. तिठ्यावर माझं औषधांचं दुकान आहे, नवरा मालवणला जाऊन बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आणि आबा तालुका कचेरीतून निवृत्त झाल्यापासून घरचे माड आणि गावची भांडणं सांभाळतात. लेक गावातल्या शाळेत मजेत होती. तिला दुसरीकडे धाडायचं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. विषय निघाला तो फुटबॉलमुळे.

ओहोटी लागली की आमच्या किनाऱ्यावरची ओली पुळण घट्ट होते आणि संध्याकाळी पोरं तिथे खेळायला जमतात. लेक सात वर्षांची असल्यापासून त्यांची गोलकीपर. आडवी झेप घेऊन बॉल अडवायची आणि घरी येताना अर्धा किनारा अंगावर घेऊन यायची. न्हाणीघराची मोरी तुंबली की मी तिच्या नावाने शंख करायची. त्या वर्षी मात्र मुलग्यांना मिसरूड फुटायला लागली आणि त्याबरोबर अक्कलही फुटली असावी. एका संध्याकाळी त्यांनी तिला सांगितलं, "तू आता येव नको. तू चेडू मां?" चेडू म्हणजे मुलगी.

ती भांडली नाही, रडलीही नाही. घरी आली, पाय धुतले आणि मागच्या पडवीत बसून राहिली. दोन-तीन दिवस मोरी तुंबली नाही, आणि मला त्याचं इतकं वाईट वाटलं की सांगता सोय नाही. मग जेवताना तिने विचारलं, "बाबा, मुलगे नि मुली एकत्र खेळतत अशी शाळा खंय आसता काय?"

नवरा बोलणारा माणूस नाही. त्याने नुसती मान हलवली आणि पुढच्या महिनाभरात अशा तीन शाळा शोधून काढल्या.

पहिली शाळा चांगलीच होती. इमारत नवी, वर्गांत पंखे, भिंतींवर मुलांनी काढलेली चित्रं. फक्त वसतिगृहातलं जेवण शुद्ध शाकाहारी. आबांनी ते ऐकलं, हात जोडले आणि सरळ गाडीत येऊन बसले. "चेडवान काय गुन्हो केल्यान काय?" एवढंच ते परतीच्या वाटेवर बोलले. दुसऱ्या शाळेत मुलगे आणि मुली एका वर्गात शिकत, पण वसतिगृह फक्त मुलग्यांचं. म्हणजे लेकीला बसायला बाक होता, झोपायला खाट नव्हती.

तिसरी शाळा इन्सुलीजवळ. तपासणी नाक्याच्या अलीकडे महामार्ग सोडून आत वळलं की काजूच्या बागांमधून रस्ता चढतो आणि वर कौलारू छपरांच्या बैठ्या इमारती दिसतात. ही शाळा ना सरकारची, ना कुठल्या मोठ्या संस्थेची. काही शिक्षकांनी मिळून काढलेली, स्वतःच्या पायांवर उभी असलेली स्वतंत्र शाळा. निम्मी मुलं सावंतवाडी-बांद्याकडून रोज बसने येऊन-जाऊन शिकणारी, निम्मी तिथेच राहणारी. मला ती पाहताक्षणी आवडली आणि त्याच क्षणी तिचा रागही आला. आवडली नसती तर बरं झालं असतं.

मुख्याध्यापिकाबाई घाटावरच्या, कोल्हापूरकडच्या. मोकळ्या, हसऱ्या. त्यांनी आम्हाला चहा दिला आणि "काही शंका असतील तर विचारा" म्हणाल्या. आबांची ऑफिसात गेल्यावर काढायची एक वेगळी मराठी आहे. चाळीस वर्षं कचेरीत वापरून ती इस्त्रीच्या कपड्यांसारखी कडक झालेली आहे. त्यांनी घसा साफ केला.

"सदर मुलीस मत्स्याहाराची सवय आहे."

"आमच्याकडे बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी मासे असतात," बाई म्हणाल्या.

"ताजे, किंवा बर्फातील?"

बाई प्रामाणिकपणे म्हणाल्या, "खरं सांगू का आजोबा, मला त्यातलं कळत नाही. तुम्हीच स्वयंपाकघरात चला."

बुधवार होता. मोठ्या परातीत बांगडे साफ व्हायचे पडले होते. आबांनी त्यातला एक उचलला, कल्ले उघडून आत बघितलं, पोटावर बोट दाबलं. स्वयंपाकघरातल्या दोन्ही बाया हातातलं काम टाकून निकालाची वाट बघत उभ्या राहिल्या. "बरो आसा," आबा म्हणाले, आणि लगेच आठवण होऊन बाईंकडे वळून म्हणाले, "समाधानकारक आहे."

परत ऑफिसात आल्यावर त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. तेव्हा मला तो फार महत्त्वाचा वाटला नव्हता. "मुलांनी घरी कधी जायचं, हे कोण ठरवतं?"

"चतुर्थी, दिवाळी, मे महिना. सुट्ट्यांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच ठरतात."

"मुलांना न विचारता?"

बाई हसल्या. "विचारलं तर सगळी पहिल्याच आठवड्यात घरी जातील. म्हणून तर पहिले पंधरा दिवस आम्ही फोनसुद्धा देत नाही. तेवढ्यात मुलं रुळतात."

मुलं रुळतात! पंधरा दिवस! माझा चहा तसाच राहिला. लेकीला हाक मारायला म्हणून मी बाहेर आले, तर ती मैदानावर. मुलगे-मुली मिळून खेळत होते आणि आमची ही चपला काढून गोलात उभी होती. कुणी बोलावलं, कधी बोलावलं, देव जाणे. मी हाक मारली तर मान न वळवता म्हणाली, "आई, पाच मिनिटां!" त्या आवाजातला आनंद मी कित्येक आठवड्यांत ऐकला नव्हता.

म्हणजे शाळा ठरली. राहिला प्रश्न, रोज येऊन-जाऊन की तिथेच राहून? आचऱ्याहून रोज जाणं शक्यच नाही. पण माझी थोरली बहीण इन्सुलीलाच दिलेली. मी गाडीतच जाहीर करून टाकलं की लेक मावशीकडे राहील आणि बसने शाळेत जाईल. घरचं जेवण, घरची माणसं, रोज फोन. झालं!

"शाळेची बस चार वाजता सुटता," नवरा म्हणाला. "फुटबॉल पाचाक सुरू होता."

कमी बोलणाऱ्या माणसांचं हेच वाईट. बोलतात तेव्हा उत्तर सापडत नाही. मी तरी हटले नाही. "ही कधी घर सोडून राहिली आहे का? तिला तिच्या उशीशिवाय झोप येत नाही. विजयदुर्गला माझ्या माहेरी गेली तरी दुसऱ्या दिवशी 'घराक जावया' सुरू होतं. अन् तुम्ही तिला पन्नास पोरांत टाकणार?"

लेक मागे बसून खिडकीबाहेर बघत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "माका म्हायत नाय." ते खरं होतं. तिला फुटबॉल हवा होता आणि घरही हवं होतं, आणि दोन्ही एका ठिकाणी मिळत नव्हतं. कुठलं सोडलं तर ती जास्त दुःखी होईल हे तिला कळत नव्हतं, मलाही नाही. नवीन वर्ष लागायच्या आत शाळेला कळवायचं होतं.

पुढचे दिवस माझ्या दुकानात औषधं कमी आणि सल्ले जास्त खपले, फक्त सल्ले गिऱ्हाईक देत होतं. खोकल्याच्या बाटलीबरोबर एकीने सांगितलं की वसतिगृहातली मुलं धीट होतात. गुडघ्याच्या मलमाबरोबर दुसरीने सांगितलं की ती आईबापाला विसरतात. एक जण तर पित्ताच्या गोळ्या घेताना म्हणाले की मुलीला एवढं शिकवून काय करणार. त्यांना मी गोळ्या दिल्या, पण हसून दिल्या नाहीत.

आबांचं एकच म्हणणं होतं. देवाला कौल लावावा. आमच्याकडे घर बांधायचं असो की मुलगी द्यायची असो, ग्रामदेवाला विचारल्याशिवाय पान हलत नाही. देवाच्या अंगावर कळ्या लावतात, गाऱ्हाणं घालतात. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आबा देवळात गेले आणि तासाभराने तोंड पाडून परत आले. त्यांनी शाळा, वसतिगृह, मावशी आणि फुटबॉल एवढं सगळं एकाच प्रश्नात विचारायला घेतलं, तेव्हा पुजारीच म्हणाला, "आबा, देवान उत्तर तरी कसा देवचा? होय की नाय, इतक्याच विचारूचा." शिवाय मानकऱ्यांनी सांगितलं की सध्या गावाचाच मोठा कौल व्हायचा आहे, तेव्हा गावाचं आधी, नातीचं मागून.

गावाचा मोठा कौल म्हणजे गावपळण. बाहेरच्यांना हे सांगितलं की आधी खरं वाटत नाही. दर काही वर्षांनी देवाला विचारून आमचा सगळा गाव घरांना कुलपं लावतो आणि वेशीबाहेर जाऊन राहतो. तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, एकूण एक. गावात कुणीही राहायचं नाही, चूल पेटवायची नाही. शाळा बंद, दुकानं बंद, माझं औषधांचंही बंद. बाहेर माळावर माडाच्या झापांच्या आणि ताडपत्रीच्या खोपी उभारायच्या, आणि तीन रात्री झाल्या की पुन्हा कौल लावायचा. देव होय म्हणाला तर परत यायचं.

त्या वर्षी डिसेंबरात कौल झाला. मला मनातून बरंच वाटलं. नवऱ्याला म्हटलं, "आता बघाच. पहिल्याच रात्री हिला घर आठवेल. मग ठरवा वसतिगृह." मागच्या गावपळणीत लेक सात वर्षांची होती आणि घरच्या झोपाळ्यासाठी तिने आख्खी खोप डोक्यावर घेतली होती. ते माझ्या पक्कं लक्षात होतं.

निघताना तिने उशी घेतली. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने इंजिनाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं, म्हणजे काही कळू दिलं नाही.

खाडीच्या पलीकडच्या माळावर आमची खोप पडली. शेजारी आमच्याच वाडीतली घरं, म्हणजे खोपी, ओळीने. पहिल्या संध्याकाळी लेक म्हणाली, "आई, आमी सगळी चेडवां थंयच्या खोपीत निजतलव." आणि उशी काखेत मारून गेली. सकाळी मी बघायला गेले तर सात-आठ मुली एकमेकींच्या अंगावर पाय टाकून गाढ झोपलेल्या. आमचीच्या डोक्याखाली उशी नव्हती, ती दुसऱ्याच मुलीकडे होती.

भात कापून मळे मोकळे झालेले. दिवसभर तिथे फुटबॉल. ज्या पोरांनी तिला पुळणीवरून घालवलं होतं, तीच पोरं तिला गोलात उभी करत होती. गावपळणीत कुणी कुणाला तू अमुक नि तू तमुक म्हणत नाही. सगळेच बेघर, तेव्हा सगळेच सारखे. एका शेताच्या बांधावर बसून आबा पंचाचं काम बघत होते आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खात होते.

आणि मी? मला सारखं घर आठवत होतं. तुळशीला पाणी कोण घालणार? मागच्या नळाची तोटी नीट बंद केली की नाही? दुकानातला फ्रीज? संध्याकाळी गाव अंधारात बुडालेला दिसला की वेशीपलीकडून मी आमच्या माडांचे शेंडे ओळखायचा प्रयत्न करत उभी राहायची. एकदा आबांनी पाहिलं. "गो सुने, तुझा घर खंय पळान जाता काय? ता थंयच आसा. पळालव ते आपण!" आजूबाजूच्या खोपींतून हसू आलं. मीही हसले. हसण्यावारी न्यायचं वय झालंय माझं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी हरले आणि मोठ्या मनाने हरले. तांदळाची भाकरी आणि सुक्या बांगड्याचं सार वाढताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "ठीक आहे. लेक वसतिगृहात राहील. माझी हरकत नाही. ही कुठेही राहू शकते, मी डोळ्यांनी बघितलं."

मला वाटलं होतं ती उडी मारेल. तिने भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"आई, हयसर सगळो गाव इलोहा," ती म्हणाली. "थंय मी एकटीच जातलंय."

मला एकदम इतकी लाज वाटली आणि तिच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी तिला जवळ घ्यायला उठले, पण हात पिठाचे होते. खरंच तर होतं. इथे तिची आई दहा पावलांवर, आजोबा बांधावर, शेजारची म्हैससुद्धा ओळखीची. घर मागे राहिलं म्हणून काय झालं, घरातलं सगळं तर बरोबर आलं होतं. मी बघितलं ते बरोबर होतं, फक्त अर्धंच बघितलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी कौल लागायचा होता. आम्ही बायकांनी भांडी घासून बांधून ठेवली, कोंबड्या टोपल्यांखाली घातल्या, ताडपत्र्या सोडल्या. मानकरी देवळात गेलेले. ते परत आले ते सावकाश चालत, आणि त्या चालीवरूनच म्हाताऱ्यांनी ओळखलं. कौल झाला नव्हता. देवाने डावी दिली. आणखी एक दिवस, आणखी एक रात्र.

आधी सगळीकडून एक मोठा उसासा ऐकू आला. मग कुणीतरी म्हणालं, "देवाक आमचो कंटाळो इलो दिसता!" आणि हशा पिकला. टोपल्या उघडल्या, कोंबड्या पुन्हा मोकळ्या. चुली पेटल्या. लेक मात्र आबांजवळ गेली.

"आबा, उद्या परत नाय म्हणालो तर?"

"परवा विचारूचा."

"आणि परवा नाय म्हणालो तर?"

"विचारीत ऱ्हवाचा. विचारल्याशिवाय जावचा नाय, आणि विचारूचा सोडूचाय नाय. देव काय, मानूस काय, विचारलेला बरा वाटता."

ती बराच वेळ बांधावर बसली होती. पाय हलवत होती. दुपारी माझ्याकडे आली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "मी ऱ्हवतलंय थंय. पण माझी गावपळण करूक व्हयी."

"म्हणजे गो काय?"

"तीन दिवस, तीन राती. मगे तुमी माका विचारूचा, घराक येवचा काय? कौल मी देतलंय. मी होय म्हटलंय तर घेऊन येवचा. नाय म्हटलंय तर परत विचारूचा." मग म्हणाली, "आणि विचारूचा सोडूचा नाय."

नवरा खोपीच्या खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "कबूल." एवढंच. पण तो बाहेर गेला तेव्हा डोळे पुसत गेला, हे मी पाहिलं आणि मला बरं वाटलं की आपण एकट्या नाही.

दुसऱ्या दिवशी देवाने उजवी दिली आणि गाव घरी आला. तुळस टवटवीत होती. तोटी बंद होती. फ्रीजही धडधाकट.

आता शाळेला हे समजावायचं होतं. पंधरा दिवस फोन नाही, हा त्यांचा नियम. आबा म्हणाले, मी बोलतो. पुन्हा इन्सुली, पुन्हा ती कडक मराठी. "सदर मुलीच्या मुक्कामाबाबत चौथ्या दिवशी तिचा कौल घेणे आवश्यक आहे." कोल्हापूरच्या बाईंना काही उमगलं नाही. मग आबा थांबले, चष्मा काढला, ऑफिसची मराठी बाजूला ठेवली आणि आपल्या बोलीत त्यांना सगळी गावपळण सांगितली. कोंबड्या, माळ, डावी कळी, उसासा, सगळं. बाई टेबलावर कोपर टेकून ऐकत राहिल्या.

"म्हणजे सगळा गाव जातो? आणि देवाला विचारून परत येतो?"

"होय."

"आणि ही म्हणते, मला विचारा." त्या लेकीकडे वळल्या. "आणि तू पहिल्याच वेळी होय म्हणालीस तर?"

"तर जातलंय घरी," लेक म्हणाली आणि लगेच सुधारून, "जाईन."

बाईंनी चौथ्या दिवशी, आणि पुढेही विचारायला लागेल तेव्हा, फोन द्यायचं कबूल केलं. "या एकीपुरतं," म्हणाल्या. पुढे त्यांनीच सांगितलं की मग सगळ्या नव्या मुलांना दिला. न देऊन करतात काय, तिने ही गोष्ट सगळ्या खोलीला सांगितली होती.

जूनमध्ये तिला पोचवून आलो. ते मी सविस्तर लिहीत नाही. गाडीत परत येताना मागची सीट रिकामी होती आणि आबा कणकवलीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. आबांनी न बोलणं म्हणजे काय ते आमच्या गावात कुणालाही विचारा.

चौथ्या दिवशी संध्याकाळी फोन लागला. आम्ही तिघे पडवीत, फोन मधे पाटावर. आबांनी टोपी घातली होती. त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या आमच्या घरचा लेकरू इन्सुलीच्या शिवेत जावन ऱ्हवला आसा, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मी आणि नवरा.

"तेका जेवणखाण बरा गावांदे, तेच्या पाठीर ऱ्हव, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आता फोनमधूनही सात-आठ आवाज आले. खोलीतल्या सगळ्या मुली जमल्या होत्या. त्यांतल्या निम्म्या सोलापूर-बेळगावच्या, त्यांना कशाला होय म्हणतोय ते ठाऊकसुद्धा नसावं.

"आणि आता सांग म्हाराजा, घराक येवचा काय?"

तिकडे एक लांब श्वास ऐकू आला. मी नवऱ्याचा हात धरला होता. मला वाटत होतं तिने होय म्हणावं. अगदी मनापासून वाटत होतं. आणि वाटत होतं, म्हणू नये.

"आज नाय," ती म्हणाली. आवाज जरासा ओला होता. "शनिवारी विचारा."

मग दर शनिवारी. कधी "आज नाय" लगेच यायचं, कधी उशिरा. एका शनिवारी तिला ताप होता आणि ती इतका वेळ गप्प राहिली की नवऱ्याने गाडीची किल्ली हातात घेतली. शेवटी म्हणाली, "उद्या विचारा." दुसऱ्या दिवशी विचारलं तर ताप उतरला होता, आणि "नाय" एवढं पटकन आलं की मला चक्क राग आला. पोरीने निदान थोडं नाटक तरी करावं! शनिवारी दुकानात गिऱ्हाईकही विचारायला लागलं, "काय गो, जालो काय कौल?" पित्ताच्या गोळ्यावाल्यांनीसुद्धा विचारलं. त्या दिवशी त्यांना हसून गोळ्या दिल्या.

चतुर्थीला ती घरी आली. ही सुट्टी ठरलेलीच, तिला कौल लागत नाही. उंच झालेली, गुडघे सोललेले, बोलताना मधेच बेळगावी हेल. शाळेच्या संघात ती पहिली गोलकीपर, आणि सुट्टी संपल्यावर लगेच बाहेरच्या शाळेशी पहिला सामना. हे तिने आल्या आल्या एकदाच सांगितलं. मग गणपती, आरत्या, भजनं, उकडीचे मोदक, आणि रोज संध्याकाळी पुळण. तिथल्या पोरांनी आता तिला आपणहून बोलावलं. मोरी तुंबली. मी शंख केला, आणि इतक्या आनंदाने कधी केला नव्हता.

निघायच्या दिवशी सकाळी मी तिच्यासाठी खटखटे लाडू डब्यात भरत होते. गाडी बाहेर उभी. ती उंबऱ्यावर बसली, बुटांची पिशवी मांडीवर घेऊन, आणि उठेचना.

"चल गो, उशीर होता," नवरा म्हणाला.

"ह्या खेपेक कौल आईन देवचो," ती म्हणाली. "सगळ्या शनिवारी तुमी माका विचारलात. आता मी विचारतंय. मी जावचा काय?"

आबांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर ठेवली. त्यांना असल्या गोष्टीत दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. "बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरू केलं, आणि मी डबा हातात घेऊन उभी.

मला ठाऊक होतं की मी नाही म्हणू शकते. प्रत्यक्ष ग्रामदेवानेही गावाला एक दिवस जास्त ठेवून घेतलंच होतं, त्याला कुणी जाब विचारला नव्हता. मी डावी दिली असती तर ती उठून आत आली असती, उशी टाकून झोपाळ्यावर बसली असती आणि सामन्याबद्दल एक अक्षर बोलली नसती. तिने ज्या विश्वासाने विचारलं होतं त्यावरून मला ते स्वच्छ दिसत होतं. फक्त एक दिवस. मला तो एक दिवस फार हवा होता.

"सांग म्हाराजा," आबा म्हणाले, "आमचा लेकरू जावचा काय?"

ती माझ्याकडे बघत होती. बुटांच्या पिशवीची नाडी तिने बोटाला गुंडाळून घट्ट ओढून धरली होती. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

"उजवी," मी म्हटलं. "जा."

तिने नाडी सोडली, उठली आणि मला मिठी मारली, डब्यासकट. मग गाडीत बसली, काच खाली केली.

"आई, विचारूचा सोडा नको हां."

"नाय गो," मी म्हटलं. "शनिवारी विचारतलंय."